सर्टिफिकेट भाड्यानं देऊ का? आणि बी.फार्म.चं काय करू?

"ताई, मी माजलगाव तालुक्यातली. यंदा डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) झालं, ७१ टक्के पडले, फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशनपण आलं. मामांच्या ओळखीच्या एका मेडिकलवाल्याला सर्टिफिकेट पाहिजे, महिन्याला ४ हजार देतो म्हणतो, यायची गरज नाही फक्त सह्या. मामांनी झेरॉक्स आणि दोन फोटो देऊनपण टाकले. गावातल्या दुसऱ्या एका मेडिकलवर बसायचे ९ हजार देतायत. एक एजंट म्हणतो ६० हजार वरचे दे, बी.फार्म. डायरेक्ट सेकंड इयर नॉन-अटेंडिंग करून देतो, म्हणजे ते ४ हजारही चालू राहतील. भाऊ म्हणतो फार्मसीत काही राहिलं नाही, गल्लोगल्ली कॉलेजं झालीत. धाकटी बहीण बारावीला आहे, तिलापण फार्मसीच करायचीय. आम्ही ओबीसी, उत्पन्नाचा दाखला सव्वा लाखाचा. काय करू?"

अगं पोरी, पत्र वाचताना मी झेरॉक्स आणि फोटोपाशीच अडकले, त्यामुळे आधी तेवढं उरकू, बाकीचं निवांत बोलू.

मामांना आजच फोन कर आणि ते कागद परत मागव. आणि नुसते कागद परत आले म्हणून गप्प बसू नको, मामांना सरळ विचार की लायसनचा अर्ज गेलाय का, कुठल्या स्टॅम्पपेपरवर तुझ्या नावानं काही लिहून दिलंय का, नेमणुकीच्या पत्रावर सही कुणी केली. अर्ज गेला असेल तर बीडच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसला सहायक आयुक्त, औषधे यांच्या नावानं साधं अर्जवजा पत्र दे, मी अमुक दुकानात काम करत नाही आणि करणार नाही, माझ्या नावावर लायसन देऊ नये, खाली सही, रजिस्ट्रेशन नंबर, आणि पोच घे. पोच घे हे दोनदा वाच. मामा रागावतील, रागावू देत, ते प्रेमापोटीच करतायत हे मला कळतंय, आपल्याकडे लोकांना हे चूक वाटतच नाही, 'पोरगी घरी बसलीय, कागद तर पडूनच आहे' असं म्हणतात.

पण तो कागद पडून नसतो गं. फार्मसी ऍक्ट १९४८ चा, त्यातलं कलम ४२ म्हणतं की रजिस्टर्ड फार्मासिस्ट सोडून दुसऱ्या कुणी, त्याच्या डोळ्यादेखत असल्याशिवाय, चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही. पूर्वी याला सहा महिने कैद नाहीतर हजार रुपये दंड होता, म्हणून लोक हसण्यावारी न्यायचे, २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं तो दंड २ लाखांपर्यंत नेलाय, कैद तीन महिन्यांपर्यंत. आणि कौन्सिलला तुझं नाव रजिस्टरमधून काढायचा अधिकार आहे तो वेगळाच. म्हणजे ४ हजारासाठी तू दोन वर्षांचं शिक्षण गहाण टाकतेयस, आणि सोडवायची किल्ली अशा माणसाकडे ज्याला तू पाहिलंपण नाहीस. तो नार्कोटिक्सच्या गोळ्या विकेल, गर्भपाताचं किट विकेल, नाव तुझं असेल.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लहान लेकरं कफ सिरपनं गेली, आठवतंय ना, कितीतरी जणांना उपचाराला नागपूरला आणलं होतं. डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विष निघालं त्यात. तिथे अटक झाली तेव्हा कंपनीचा मालक होता, डॉक्टर होता आणि मेडिकलचा फार्मासिस्टपण होता. आता तसं काही तुझ्या सर्टिफिकेटच्या दुकानात झालं तर तू काय सांगणार, मी तर घरी होते? ते सांगणं म्हणजेच गुन्हा कबूल करणं.

हे आत्ताच सुरू झालंय असंही नाही. २०११ नंतर महेश झगडे एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे, आयुक्त होते तेव्हा फार्मासिस्ट जागेवर नाही म्हणून दुकानांवर धडाधड कारवाई झाली, केमिस्टांनी बंद पाळले, मोर्चे काढले. मी तेव्हा काउंटरलाच होते. माझ्याबरोबर शिकलेल्या दोघीतिघी ज्यांची सर्टिफिकेटं सासरच्या तालुक्यात भिंतीवर लटकलेली होती त्यांचे फोनवर फोन, 'अगं दुकानात जाऊन बसू का, मला तर शेल्फ कुठलं काय तेपण माहीत नाही'. एकीला तर दुकान शोधायला रिक्षावाल्याला विचारावं लागलं होतं, आणि चार वर्षं ती कागदावर तिथली फार्मासिस्ट होती.

(तुमच्याकडे 'डी.फार्म. मुलगी पाहिजे' म्हणून स्थळं येतात ना? आली असतील, येतील. बघायला आलेल्यांना एकदा विचार, मुलगी पाहिजे की सर्टिफिकेट. मुलगा स्वतः मेडिकलवर बसतो आणि तुला शेजारी खुर्ची देणार असेल तर काही वाईट नाही, पण सर्टिफिकेट दुकानात आणि तू चुलीपाशी असलं नको.)

आता ते ९ हजार. कमी आहेत, मान्य, त्यात जायचं-यायचं भाडं काढलं तर हातात काय राहतं. तरी मी म्हणेन ऍडमिशन होईपर्यंतचे महिने त्या दुकानात बस. तुझं डी.फार्म.चं पाचशे तासांचं ट्रेनिंग कसं झालं ते मी विचारत नाही, बहुतेकांचं सही-शिक्क्यावर होतं, तुझं खरंच झालं असेल तर माफ कर. पण काउंटरवर जे कळतं ते पुस्तकात नाही. माझं पहिलं वर्ष होतं, एका आजींचा पुतण्या चिठ्ठी घेऊन आला, संधिवाताची, त्यावर मेथोट्रेक्सेट साडेसात आणि फोलिक ऍसिड. गोळ्या दिल्या, पैसे घेतले, तो दाराशी गेला आणि वळून म्हणाला, "रोज रात्री जेवल्यावर ना?" मी गारच पडले. ती गोळी आठवड्यातून एकदा असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी खाली जातात, माणूस जातो. डॉक्टरांनी लिहिलेलं बरोबर होतं, फक्त अक्षर तसलं. त्याला परत बोलावलं, स्ट्रिपवर पेनानं मोठ्ठं लिहिलं 'फक्त सोमवार', आणि सांगितलं आजींना वाचता येत नसेल तर घरात दुसऱ्या कुणालातरी दाखव. यातलं पहिल्यांदा जे झालं ती माझी चूक होती, मी देतानाच सांगायला पाहिजे होतं. त्या दिवसापासून माझ्या काउंटरवरून मेथोट्रेक्सेट बोलल्याशिवाय गेलेलं नाही. भाड्याच्या सर्टिफिकेटच्या दुकानात तो पुतण्या वळून विचारतो तेव्हा तिथे दहावी झालेला पोरगा असतो आणि तो म्हणतो, हो रोज.

बरं, बी.फार्म. माझं मत विचारशील तर कर, पण एजंटकडून नाही.

आधी पैशाचं बोलते कारण इथेच तुझी फसगत होतेय. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय, पण कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, लागलेल्यांनाच. मॅनेजमेंट कोट्यातून, इन्स्टिट्यूट लेव्हलवर घुसलीस की ती सवलत गेली. म्हणजे हा एजंट तुझ्याकडून ६० हजार घेऊन तुझी माफ असलेली फी पुन्हा तुझ्या बापाच्या डोक्यावर बसवणार. ७१ टक्क्यांवर डायरेक्ट सेकंड इयरच्या कॅपमध्ये नीट ऑप्शन भरले तर तुला सीट मिळायला अडचण नाही यावी, हल्ली तर रिकाम्या राहतायत. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्न, डोमिसाईल आत्ताच सेतूमधून काढून ठेव, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर झोपतो हे काय नव्यानं सांगायचं. आणि ऍडमिशन दिवाळीपर्यंत रेंगाळली तर घाबरू नको, मागची दोन-तीन वर्षं मान्यता उशिरा आल्यानं फार्मसीचं तसंच झालंय.

नॉन-अटेंडिंग म्हणजे काय ते पण समजून घे. बी.फार्म.ला ८० टक्के हजेरी लागते. तू कॉलेजला नाहीस पण हजेरी लागतेय, तू मेडिकलमध्ये नाहीस पण तिथेही तुझी सही चालू आहे, म्हणजे कागदावर एकाच मंगळवारी सकाळी ११ वाजता तू दोन ठिकाणी आहेस आणि खरं तर घरी भाकरी करतेयस. कधी कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर?

भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. गल्लोगल्ली कॉलेजं झालीच आहेत. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं २०१९ मध्येच ठरवलं होतं की पाच वर्षं नवीन कॉलेजांना बंदी, कारण आहेत त्याच पोरांना कामं नाहीत. संस्थावाले कोर्टात गेले, हायकोर्टांनी बंदी उडवली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की कॉलेज काढणं हा मूलभूत हक्क आहे, त्याला वाजवी बंधनं घालता येतात पण ती कायद्यानं, नुसत्या ठरावानं नाही. कोर्टाचं कायद्याच्या अंगानं बरोबर असेल, मी वकील नाही, पण त्याच्या आधी कोविडमध्ये सगळ्यांना मेडिकल म्हणजे सोन्याची खाण वाटली होती आणि त्यावर हे, मग काय, जिथे इंजिनिअरिंग बंद पडलं तिथे फार्मसीची पाटी लागली, जिथे मंगल कार्यालय चालेना तिथे डी.फार्म. निघालं. आमच्या वेळी ऍडमिशन मिळाली की पेढे वाटायचे. आता कॉलेजवालेच घरी येऊन बॅग आणि टॅब देतायत.

म्हणून भावाला सांग की डिग्री बिनकामाची नाही, बिनकामाच्या कॉलेजातली डिग्री बिनकामाची आहे. ऑप्शन भरायच्या आधी तीनचार कॉलेजं स्वतः बघून ये, कुणाला न सांगता, आठवड्याच्या मधल्या दिवशी अकरा वाजता. पोरं वर्गात दिसतायत का. मशीनरूममध्ये टॅब्लेट पंचिंग मशीनवर पावडर आहे की धूळ. एचपीएलसी (औषध तपासायचं मशीन) आहे म्हणतात तर शेवटचं कधी चालवलं ते थर्ड इयरच्या पोरीला विचार, सरांना नको. इन्स्पेक्शनच्या दिवशी सगळीकडे सगळं असतं, शिक्षकसुद्धा, त्यामुळे ब्रोशर बघू नको. पीसीआयच्या (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या) साइटवर त्या कॉलेजचं नाव त्या वर्षासाठी मान्यतेच्या यादीत आहे का ते बघ. सरकारी कॉलेज जवळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं, लांब म्हणजे अमरावती, कराड, रत्नागिरी. मेरिट वर जातं तिथे पण ऑप्शनमध्ये पहिली नावं तीच टाक, टाकायला काय जातं.

बी.फार्म.नं काय बदलतं? डी.फार्म.वर कंपनीत गेलीस तर पॅकिंग नाहीतर स्टोअर. औषधाचं उत्पादन ज्याच्या देखरेखीत होतं, ज्याला कंपनीत अप्रूव्हड केमिस्ट म्हणतात, त्याला नियमानंच फार्मसीची डिग्री आणि अठरा महिन्यांचा अनुभव लागतो, किंवा केमिस्ट्रीची बीएस्सी आणि तीन वर्षं. डिप्लोमा तिथे चालत नाही. ड्रग इन्स्पेक्टरची एमपीएससी द्यायची तरी डिग्रीच. मी स्वतः डी.फार्म. करून चार वर्षं काउंटर, मग बी.फार्म., मग संभाजीनगरजवळ वाळूजला एका कंपनीच्या क्यूएमध्ये, म्हणजे क्वालिटीच्या विभागात, होते, म्हणून सांगते, तिथला सुरुवातीचा पगार ऐकून तू नाराज होशील, ट्रेनी म्हणून घेतात, कधी कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर, बस आणि कँटीन तेवढं चांगलं. पण दोन वर्षं बीएमआर (प्रत्येक बॅचच्या उत्पादनाची नोंद) तपासले, डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं काय झालं ते) लिहिली, एखादं ऑडिट अंगावर घेतलं की पुढची नोकरी स्वतःहून फोन करते. आता तर सुधारित शेड्युल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे नियम, आलंय, २०२३ च्या डिसेंबरअखेर निघालं, मोठ्या कंपन्यांना आधी आणि छोट्यांना २०२५ अखेरपर्यंत मुदत होती, त्यात क्वालिटी सिस्टिमचं, रिस्कचं, कॉम्प्युटर रेकॉर्डचं सगळं कडक केलंय. ज्या छोट्या युनिटमध्ये मालक, केमिस्ट आणि वॉचमन एकच होता त्यालासुद्धा आता नीट लिहिणारी माणसं ठेवावी लागणार. नीट लिहिणारी, लक्षात घे. इंग्रजीत दोन पानं चूक न करता लिहिता आली तर तू निम्म्या डिग्रीवाल्यांच्या पुढे असशील. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा तुझ्या घरापासून लांब नाही, पुढे मग कुरकुंभ, तारापूर, गोव्याला वेर्णा, जाशील तिथे.

फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी), मेडिकल कोडिंग हे पुण्या-मुंबईत एसी ऑफिसचं काम म्हणून पोरी त्याच्या मागे आहेत. वाईट नाही, पण त्यातलं नुसतं केस भरायचं काम सॉफ्टवेअर गिळत चाललंय, त्यामुळे 'कोर्स करा प्लेसमेंट घ्या'वाल्या क्लासला पन्नास हजार देऊ नको.

सरकारीचं थोडक्यात. झेडपीच्या २०२३ च्या भरतीत औषध निर्माण अधिकारी पद होतं, त्याला डी.फार्म. चालतं, एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानाची) कंत्राटी पदंही निघतात. फॉर्म भरत राहा. पण 'जाहिरात येईल' म्हणून तीन वर्षं अभ्यासिकेत बसलेली पोरं मी पाहिलीत, ना काउंटरचा अनुभव ना कंपनीचा, आणि वय २७.

स्वतःचं मेडिकल टाकायचं डोक्यात असेल तर आत्ता नको. जागा १० चौरस मीटर आणि फ्रिज एवढ्यावर लायसन मिळतं हे खरं, पण सरकारनं भाव बांधलेल्या औषधांवर रिटेलरला १६ टक्के, बाकीवर साधारण २०, आणि तुझ्या गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर ऑनलाईनवाला २० टक्के डिस्काउंट दाखवतोय. ऑनलाईनच्या नियमांचा मसुदा २०१८ ला आला आणि तसाच लटकला, दुकानदारांनी त्यासाठी देशभर बंदसुद्धा केले. पुढे मागे करायचंच झालं तर जनऔषधी केंद्राचं बघ, १२० चौरस फूट जागा, महिन्याला २० हजारांपर्यंत इन्सेंटिव्ह, आणि महिलांना सुरुवातीला २ लाखांपर्यंत मदत मिळते. फक्त गावातले डॉक्टर जेनेरिक लिहितात का ते आधी बघ, नाहीतर केंद्रात तू आणि माश्या.

बहिणीचं वेगळं आहे, तिनं तुझ्या वाटेनं यायची गरज नाही. सीईटी देऊ दे आणि थेट बी.फार्म.ला जाऊ दे, चार वर्षांत मोकळी, डी.फार्म. करून मग डिग्री म्हणजे पाच. शिवाय आता डी.फार्म.ला एक्झिट एक्झाम आहे, नियम २०२२ चे, पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ ला झाली, तीन पेपर, प्रत्येकात ५० टक्के, ती पास तरच रजिस्ट्रेशन. त्यावरची बोंबाबोंब ऐकली असशीलच. तिच्या वेळी काय नियम लागू असेल ते कौन्सिलच्या परिपत्रकात बघायचं, क्लासवाल्याच्या रीलमध्ये नाही. फार्म.डी. म्हणून सहा वर्षांचा कोर्स आहे, नावापुढे डॉक्टर लागतं म्हणून पोरं भुलतात. २००८ पासून चालू आहे आणि अजून आपल्या दवाखान्यांना त्यांचं करायचं काय ते नीट कळलेलं नाही. अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायचं असेल तर मात्र तोच लागतो कारण तिथल्या परीक्षेला किमान पाच वर्षांचं फार्मसी शिक्षण मागतात आणि आपलं बी.फार्म. चारच वर्षांचं. घरचं बजेट बघता मी तिकडे ढकलणार नाही. आणि तिला विचार, खरंच फार्मसी करायचीय की ताई करतेय म्हणून.

राहिलं ते ९ हजारवालं मेडिकल. भेटायला जाशील तेव्हा पगाराचं बोलायच्या आधी एक विचार, एच-वनचं रजिस्टर (काही ठराविक औषधांच्या विक्रीची वेगळी नोंदवही) कोण लिहितं. 'आतापर्यंत मीच लिहायचो, आता तुम्ही लिहा' म्हणाले तर दुसऱ्या दिवसापासून जा. कोपऱ्यातून धूळ झटकून काढून दिलं तरी जा, शिकवशील त्यांना. 'कसलं रजिस्टर?' म्हणाले तर चहा पिऊन घरी ये.